आदेश वरून निघतो, बदल खाटेपाशी घडतो

एका रुग्णालयाच्या प्रशासनात नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्यांचा हा प्रश्न आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "कोविडच्या साथीत आमच्या रुग्णालयाने झपाट्याने बदल केले. बहुतेक निर्णय योग्यच होते, हे जुने कागद वाचून मला दिसतं. तरीही त्या काळाचा विषय निघाला की नर्सेस एकतर गप्प होतात, नाहीतर चिडतात. बदलाला त्यांचा इतका विरोध का असतो? आणि पुन्हा अशी वेळ आली तर आम्ही काय वेगळं करावं?"

मी बत्तीस वर्षं नर्सिंगमध्ये काढली. त्यातली शेवटची नऊ नर्सिंग अधीक्षक म्हणून, आणि सगळी साथ त्या नऊ वर्षांतच आली. परिपत्रकावर सही माझी असायची आणि ते परिपत्रक वॉर्डात अडलं की रात्री दोन वाजता फोनही मलाच यायचा. म्हणून दोन्हीकडचं सांगू शकते.

आधी प्रश्नातला एक शब्द बाजूला काढते: विरोध. नर्सचा अख्खा दिवस बदलांचाच असतो. सकाळी ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती घेताना, मनात आखलेलं काम दहा वाजेपर्यंत तसंच राहिलं, असा एकही दिवस मला आठवत नाही. स्थिर असलेला रुग्ण अचानक खालावतो, रिकाम्या खाटेवर अपघाताची केस येते, दोघी स्टाफ रजेवर जातात. जिला बदल पेलत नाही ती या कामात वर्षभरही टिकत नाही. मग साथीत दुखलं ते काय? आदेश आणि रुग्ण यांच्यामध्ये जी जागा असते, ती नर्सेसनी स्वतःच्या अंगाने भरून काढली. ते काम कुणी पाहिलं नाही, मोजलं नाही, आणि त्याबद्दल त्यांना कधी काही विचारलंही नाही. ती चीड तिथली आहे.

एक रात्र सांगते. पहिल्याच काही आठवड्यांतली. त्या दिवशी आमच्याकडून दोन परिपत्रकं निघाली होती. एकात होतं की संसर्गाचा धोका आणि संरक्षक पोशाखाच्या (पीपीई) किटची टंचाई पाहता रुग्णाच्या खोलीत कमीत कमी वेळा जावं. दुसऱ्यात होतं की गंभीर रुग्णाची नोंद दर तासाला व्हावी आणि दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी. स्वतंत्रपणे वाचली तर दोन्ही बरोबर. दोन्हींवर माझी सही होती. रात्री राउंडला गेले तेव्हा आयसीयूत एक सिस्टर काचेबाहेर उभी राहून आतल्या रुग्णाकडे पाहत होती. तिच्या गाऊनच्या बाहीवर पांढऱ्या चिकटपट्टीची एक लांब पट्टी होती आणि त्यावर मार्करने बारीक अक्षरांत लिहिलं होतं: सक्शन (श्वासनळीतला स्राव ओढून काढणं), तोंड, डोळे, कूस डावी, एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी), लघवीची पिशवी, सलाईन संपत आलं. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "मॅडम, आत गेल्यावर एक गोष्ट विसरली की पुन्हा अख्खं किट. म्हणून आत जायच्या आधी सगळं लिहून घेते आणि एका फेरीत उरकते."

विखुरलेली कामं एका फेरीत गोळा करण्याला नर्सिंगमध्ये क्लस्टर केअर म्हणतात. पण त्या रात्री तिने पुस्तकातलं काही वापरलं नव्हतं. एकमेकांना छेद देणारे दोन आदेश तिच्या हातात आले होते, आणि ते जुळवायची जबाबदारी तिने न सांगता उचलली होती. आठवड्याभरात ती चिकटपट्टी सगळ्या वॉर्डांत पोहोचली. तुमच्या फायलींत ती तुम्हाला सापडणार नाही. तिथे फक्त ती दोन परिपत्रकं आहेत, आणि त्यांची अंमलबजावणी सुरळीत झाल्याचा शेरा आहे.

तसंच पंपांचं. 2020 मध्ये अनेक देशांतल्या रुग्णालयांनी इन्फ्युजन पंप, म्हणजे शिरेतून ठरलेल्या वेगाने औषध देणारी यंत्रं, खोलीबाहेर आणले. लांब एक्स्टेन्शन ट्यूब जोडून ती दारातून आत घ्यायची, म्हणजे औषधाचा वेग बदलायला प्रत्येक वेळी किट चढवावं लागत नाही. कल्पना उत्तम. आता खाटेपाशी काय होतं ते पाहा. ट्यूब लांब झाली की तिच्यात मावणारं औषधही वाढतं, त्यामुळे नव्याने लावलेलं औषध रुग्णापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. ट्यूब दारात दाबली गेली की ऑक्ल्युजनचा, म्हणजे नळी अडल्याचा, अलार्म वाजत राहतो. पाच औषधांच्या पाच नळ्या एकाच दाराखालून गेल्या तर बीपी वाढवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनालिनची कोणती आणि झोपेच्या औषधाची कोणती, हे आतून कळायचं कसं? आणि पंप बाहेर म्हटल्यावर, औषध लावताना रुग्णाच्या मनगटावरची पट्टी तपासायची जी सवय आम्ही वर्षानुवर्षं लावली, तिचं काय? आमच्याकडच्या सिस्टर्सनी प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची पट्टी आणि औषधाचं नाव लावलं. नळ्या जमिनीवरून उचलून हुकांवर घेतल्या. बीपीची औषधं बदलताना आत एक आणि बाहेर एक अशा दोघींनी मोठ्याने नाव उच्चारायचं ठरवलं. हे सगळं तीन दिवसांत झालं. आदेशात एकच ओळ होती: पंप खोलीबाहेर ठेवावेत.

म्हणून संघटनेतला बदल या विषयावर जे शिकवलं जातं, ते मला नेहमी अर्धवट वाटत आलं आहे. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी 1940 च्या दशकात मांडलेल्या तीन पायऱ्या आजही अभ्यासक्रमात असतात: जुनं वितळवा, बदला, नवं गोठवा. शांत काळातल्या कामाला ते लागूही पडतं. साथीत मात्र गोठायला सवड मिळतच नाही. सोमवारचा नियम गुरुवारी बदलतो, आणि सोमवारी रजेवर असलेली सिस्टर शुक्रवारी तिसराच नियम ऐकते. आमच्या एका वॉर्डात नर्सिंग स्टेशनमागच्या भिंतीवर परिपत्रकं एकावर एक चिकटवलेली होती. सगळ्यात वरचं नवं, पण खालच्यांची टोकं बाहेर आलेली. नाईटची मुलगी टॉर्च धरून ती उलटून बघायची, कारण वरच्या कागदात 'मागील सूचनेतील परिच्छेद तीन वगळून' असं लिहिलेलं असायचं. त्या भिंतीसमोर एकदा अर्धा तास उभी राहिले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आम्ही वर बसून काय करत होतो.

मास्कच्या प्रकरणावर थांबून बोलायला हवं, कारण विश्वास बहुतेक ठिकाणी तिथेच तुटला. एन-95 मास्क रुग्णागणिक बदलायचा, वापरलेला पुन्हा घालायचा नाही, असं आम्ही स्वतःच नव्या मुलींना शिकवत आलो होतो. 2020 च्या मार्चमध्ये त्याच मास्कवर स्वतःचं नाव लिहून, तो कागदी पिशवीत सुकवून, पुन्हा चढवायची वेळ आली. कारण उघड होतं: जगभर माल नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच महिन्याच्या सुरुवातीला उत्पादन 40 टक्क्यांनी वाढवा असं आवाहन केलं होतं. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने साधनांच्या वापराचे तीन टप्पे सांगितले होते: नेहमीची स्थिती, तुटवड्याची शक्यता आणि प्रत्यक्ष संकट. तिसऱ्या टप्प्यात जे करायचं ते नेहमीच्या दर्जाचं नाही, हे त्यात स्पष्ट होतं.

हा प्रामाणिकपणा अनेक रुग्णालयांत खाली येईपर्यंत गळून गेला. 'आपल्याकडे मास्क कमी आहेत, म्हणून हे करतोय' असं सांगण्याऐवजी 'हे पुरेसं सुरक्षित आहे' असं सांगितलं गेलं. नर्सला फरक कळतो. तिने स्टोअरमधलं कपाट उघडून पाहिलेलं असतं. इंडेंट, म्हणजे मालाचा मागणीपत्रक, तिनेच भरलेला असतो, आणि वीस मागितले तर सहा आले हे तिलाच माहीत असतं. टंचाई तिने समजून घेतली असती. इतकी वर्षं टंचाईतच तर काम केलंय. पण टंचाईला शास्त्राचा मुलामा देऊन तिच्यापुढे ठेवलं, तेव्हा तिच्या मनात पुढचा प्रश्न उभा राहिला: मग आणखी काय लपवलं जातंय? त्यानंतर खरोखर शास्त्रावर आधारलेला बदल आला तरी त्याकडे संशयानेच पाहिलं गेलं. विषाणूविषयीचं ज्ञानच रोज बदलत होतं, त्यामुळे नियम बदलणारच होते. मात्र ज्ञान वाढल्यामुळे आलेला बदल कोणता आणि गोदाम रिकामं झाल्यामुळे आलेला कोणता, हे सांगणं आमच्या हातात होतं. ज्या वॉर्डांच्या इन्चार्जनी ते स्वतःहून सांगितलं, तिथे कुरबुर कमी झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

यात भीतीचाही वाटा होता आणि ती खरी होती. जानेवारी 2020 ते मे 2021 या काळात जगभरात सुमारे 1,15,500 आरोग्य कर्मचारी कोविडने दगावले असावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. ज्यांच्याबरोबर कालपर्यंत डबा खाल्ला, त्यांचं नाव आजच्या ओव्हरमध्ये रुग्ण म्हणून ऐकायचं, आणि तरी त्याच मास्कची पिशवी उघडायची. अशा माणसाला 'सूचनांचे काटेकोर पालन करावे' एवढं एकच वाक्य पाठवणं हा शब्दांचा तुटवडा नव्हता, माणुसकीचा होता.

आता बदल्यांबद्दल. 'नर्स ती नर्स' असं धरून याद्या केल्या गेल्या. मीही केल्या. ऑपरेशन थिएटर बंद, ओपीडी बंद, तिथला स्टाफ आयसीयूत पाठवा. कागदावर माणसांची संख्या जुळते. प्रत्यक्षात काय होतं, त्याचं मनात राहून गेलेलं एक चित्र आहे. थिएटरमध्ये वीस वर्षं काढलेली एक सिस्टर होती. सर्जनने हात पुढे करायच्या आधी योग्य अवजार तिच्या हातात तयार असायचं, इतकी मुरलेली. आयसीयूतल्या तिच्या दुसऱ्या दिवशी एका रुग्णाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, पडायला लागलं, श्वासाच्या ट्यूबमध्ये स्राव साठला होता. काय करायचं ते तिला माहीत होतं. सक्शन कॅथेटर कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते माहीत नव्हतं. तिने एक उघडला, दुसरा उघडला, तिसरा उघडला. शेजारच्या खाटेवरची मुलगी धावून आली आणि काम निभावलं. नंतर ती थिएटरवाली सिस्टर मला म्हणाली, "वीस वर्षांत माझे हात असे रिकामे कधी राहिले नव्हते." तिच्या डोळ्यांत भीतीपेक्षा शरम जास्त होती, आणि त्या शरमेचं कारण आम्ही होतो.

नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्ये नर्सच्या कौशल्याच्या नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंत पाच पायऱ्या मांडल्या. त्यांतली एक गोष्ट प्रशासनात कायम विसरली जाते: अनोळखी प्रकारच्या रुग्णांमध्ये गेलेली अनुभवी नर्सही पुन्हा पहिल्या पायरीपाशी येऊ शकते. अनुभव माणसाबरोबर जातो, पण तो त्या ठिकाणच्या कपाटांशी, मशीनशी, सहकाऱ्यांशीही बांधलेला असतो. त्या प्रसंगानंतर आमच्या आयसीयूतल्या मुलींनी प्रत्येक ड्रॉवर उघडून त्याचा फोटो काढला आणि तो त्याच ड्रॉवरच्या दर्शनी बाजूला चिकटवला. खर्च जवळपास शून्य. यादी करण्याच्या आदल्या दिवशी ते सुचायला हवं होतं.

दुसरी बाजूही आहे, आणि तिच्याबद्दल फारच कमी बोललं जातं: आयसीयूत आधीपासून असलेल्या नर्सची. गर्दीच्या काळात बऱ्याच रुग्णालयांनी अशी रचना केली की आयसीयूतली एक नर्स आणि तिच्या हाताखाली बाहेरून आलेल्या तिघी-चौघी. एरवी ती एक-दोन रुग्णांची पूर्ण जबाबदारी घेते. आता आठ रुग्ण तिच्या नावावर, पण हात मात्र दुसऱ्यांचे. ती शिकवते, तपासते, स्वतःच्या रुग्णाकडे धावते, आणि घरी जाताना आपण नक्की कोणाची शुश्रूषा केली हे तिला आठवत नाही. नर्सिंगमधल्या संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा 2002 मधला अभ्यास नर्सिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे: अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या 168 रुग्णालयांत, नर्समागे शस्त्रक्रियेचा एकेक रुग्ण वाढला की 30 दिवसांत मृत्यूची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. तो अभ्यास साथीचा नाही, आयसीयूचाही नाही. पण आकडा माहीत असलेल्या बाईच्या नावावर आठ रुग्ण लिहिले जातात, तेव्हा तिच्या पोटात काय होत असेल ते समजून घ्या.

नातेवाइकांना बंदी झाली तो बदल मला सगळ्यात जड गेला. कारण होतं, पटणारं होतं. पण नातेवाईक खाटेपाशी असताना जे जे करतात, ते त्या बंदीने नाहीसं झालं नाही, ते नर्सकडे आलं. फोन धरणं तिच्याकडे आलं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन, दोन ग्लोव्हच्या आतली बोटं, व्हायझरवर जमलेली वाफ, आणि पलीकडे रुग्णाची मुलगी विचारतेय, "बाबांना माझा आवाज ऐकू येतोय का?" व्हेंटिलेटरवरच्या माणसाबद्दल याचं उत्तर काय द्यायचं, हे कुणाच्याही प्रशिक्षणात नव्हतं. एक सिस्टर फोन रुग्णाच्या कानाशी नेऊन दुसरा हात त्याच्या कपाळावर ठेवायची आणि कॅमेऱ्यात तो हात दिसेल असं बघायची. मी तिला कधी विचारलं नाही, तिनेही कधी सांगितलं नाही.

योग्य काय ते कळतंय, पण व्यवस्था ते करू देत नाही, या अवस्थेला तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी 1984 मध्ये नाव दिलं: मॉरल डिस्ट्रेस. मराठीत मी त्याला सद्सद्विवेकाची घुसमट म्हणते. ती थकव्याहून वेगळी असते. थकवा सुट्टीने जातो. ही घुसमट सुट्टीत वाढते, कारण तेव्हा आठवायला वेळ मिळतो. तुमच्या नर्सेस विषय निघाला की गप्प होतात असं तुम्ही लिहिलंत. त्या गप्पपणाचा मोठा भाग इथला असावा असा माझा अंदाज आहे, आणि त्याला विरोध म्हणू नये ही कळकळीची विनंती.

सगळंच वाईट नव्हतं. रुग्णाला पालथं झोपवण्याचं उदाहरण घ्या. फुप्फुसं गंभीररीत्या निकामी झालेल्या रुग्णाला दिवसात सलग किमान 16 तास पालथं ठेवल्यास मृत्यू घटतात, हे 2013 च्या, मुख्यतः फ्रान्समधल्या प्रोसेव्हा या वैद्यकीय चाचणीत दिसलं होतं: 28 दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण 32.8 टक्क्यांवरून 16 टक्के. तरी कोविडपर्यंत कित्येक नर्सेसनी ते कधी केलेलं नव्हतं. काम अतिशय कष्टाचं. पाच-सहा जण लागतात. डोक्याशी भूलतज्ज्ञ ट्यूब सांभाळतो, दोन्ही बाजूंना दोन-दोन जण, सगळ्या नळ्या आधी एका दिशेला घ्यायच्या, डोळे मिटवून पट्टी लावायची, मग एकाच सुरात आकडे मोजून वळवायचं. किटमध्ये हे दिवसातून किती वेळा करायचं? पाठी मोडल्या. पण या बदलाविरुद्ध माझ्यापर्यंत एकही तक्रार आली नाही. का? वळवल्यावर तासाभरात मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा 84 वरून 92 वर चढताना त्या स्वतः पाहत होत्या. कारण समोर होतं, परिणाम समोर होता, आणि वळवायचं कसं हे ठरवण्यात त्यांचा हात होता. गालावर आणि हनुवटीवर जखमा व्हायला लागल्या तेव्हा कुठे फोम लावायचा, किती वेळाने मान फिरवायची, हे त्यांनीच बसवलं. डॉक्टरांनी त्यांना विचारून वेळापत्रक केलं. कितीतरी ठिकाणी डॉक्टर आणि नर्स यांच्यातलं अंतर त्या महिन्यांत कमी झालं. किटमध्ये कोण कोण ते ओळखू येत नाही, पाठीवर नाव लिहावं लागतं, आणि जिला काम येतं तिचं ऐकावं लागतं. हे ज्यांनी अनुभवलं, त्यांना नंतर पुन्हा जुन्या उतरंडीत बसवणं सोपं गेलं नाही. ते सोपं जाऊही नये.

नर्सचं न ऐकल्याची किंमत काय होते, याचा दाखला कोविडच्या आधीचा आहे. 2003 च्या सार्समध्ये, म्हणजे कोविडसारख्याच विषाणूच्या श्वसनरोगाच्या साथीत, जगभरातल्या 8,096 रुग्णांपैकी 1,706 आरोग्य कर्मचारी होते. कॅनडातल्या टोरांटोत त्या मे महिन्यात साथ ओसरली असं मानून खबरदारी सैल केली गेली, आणि तिथेच दुसरी लाट उसळली. सार्स अजून वॉर्डात आहे अशी शंका त्याआधी काही नर्सेसनी बोलून दाखवली होती आणि ती मानली गेली नाही, हे नंतर न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांच्या आयोगासमोर आलं. पूर्ण पुरावा मिळेपर्यंत थांबू नका, आधी सुरक्षितता घ्या, हे त्या आयोगाचं मुख्य सांगणं. मला त्यात आणखी एक दिसतं. खाटेपाशी उभ्या असलेल्या माणसाला बदल आधी जाणवतो, त्याच्या हाती आकडेवारी यायच्या कितीतरी आधी. बोललं तर ऐकलं जाईल असा अनुभव असेल तरच तो माणूस बोलतो. व्यवस्थापनाच्या अभ्यासक एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या नेतृत्वाच्या वॉर्डांत जास्त चुका नोंदलेल्या आढळल्या. तिथे चुका जास्त होत नव्हत्या, तिथे त्या सांगायची भीती कमी होती. तुमच्या रुग्णालयातल्या ज्या वॉर्डातून साथीच्या काळात एकही तक्रार आली नाही, त्या वॉर्डात मी सगळ्यात आधी जाईन.

आता परतीबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. वॉर्डांत ती त्याच्या कितीतरी आधी, तुकड्यातुकड्यांनी संपत गेली, आणि जुनं परत येणं हाही बदलच होता. गर्दीत असताना नोंदींचे कितीतरी रकाने आम्ही बंद केले होते. एकही रुग्ण त्यामुळे बिघडल्याचं माझ्या पाहण्यात नाही. नर्सला रुग्णापाशी उभं राहायला थोडा जास्त वेळ मिळाला. मग एका सकाळी ते सगळे फॉर्म जसेच्या तसे परत आले. कोणते खरंच लागतात, असं कुणी विचारलं नाही. दुसऱ्या वॉर्डांत गेलेल्या मुली आपापल्या जागी परतल्या, त्यांना निरोपाचे दोन शब्दही मिळाले नाहीत. ती थिएटरवाली सिस्टर एव्हाना व्हेंटिलेटर उत्तम हाताळायला लागली होती. ते तिच्या सेवापुस्तकात कुठेही लिहिलं गेलं नाही. दोन वर्षांनी आयसीयूत माणसं कमी पडली तेव्हा यादी पुन्हा शून्यापासून सुरू झाली. आमच्या राजीनाम्यांपैकी बरेचसे लाटेत आले नाहीत, लाट ओसरल्यावर आले. संकटात सोडून जायचं नाही म्हणून त्या थांबल्या होत्या. नंतर त्यांना थांबायला कारण उरलं नाही.

तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. आत्ता शांत काळ आहे, म्हणून कामं आत्ताची. प्रत्येक नर्सने कुठे काम केलंय आणि आज तिला काय करता येतं, याची नोंदवही करा आणि दर वर्षी तिच्याशी बोलूनच ती भरा. वर्षातून आठवडाभर तरी प्रत्येकीला दुसऱ्या एका ठरलेल्या वॉर्डात पाठवा. तोच वॉर्ड, दर वर्षी, म्हणजे संकटात ती अनोळखी दारात उभी राहणार नाही. त्या वेळी बंद केलेल्या नोंदींचे रकाने काढून बघा आणि प्रत्येकाला कारण मागा. ज्याला कारण सापडत नाही तो परत बंद करा. इतकं एक केलंत तरी वॉर्डात तुमच्याबद्दलचं मत बदलेल.

वेळ आलीच, तर एका दिवसात एकच सूचनापत्र काढा, ठरलेल्या वेळी, आणि त्यात काय बदललं एवढंच वर लिहा. शेजारी कारण लिहा: नवी माहिती, मालाची टंचाई की माणसांची टंचाई. तिन्ही कारणं सांगण्यासारखी आहेत. जुना कागद भिंतीवरून काढायची जबाबदारी एका माणसाला नावानिशी द्या. आदेशावर सही करायच्या आधी वॉर्डातल्या एका नर्सला तो मोठ्याने वाचायला सांगा आणि विचारा, आजच्या नाईटला हे कसं करशील? मी हे दुसऱ्या लाटेपासून करायला लागले. पहिल्याच दिवशी तीन ओळी खोडाव्या लागल्या.

निर्णय घेणाऱ्या समितीत वॉर्डात प्रत्यक्ष ड्युटी करणारी नर्स हवी, माझ्यासारखी कार्यालयात बसणारी पुरेशी नाही. आणि समितीची बैठक सकाळी अकराला ठेवू नका. नाईट करून गेलेली तेव्हा झोपलेली असते आणि मॉर्निंगवाली औषधांच्या फेरीत असते. ओव्हर झाल्या झाल्या ठेवा, दोन्ही पाळ्या तिथेच असतात. नाईटवालीला आधी बोलू द्या, म्हणजे तिला घरी जाता येईल.